मुक्कामी पीठ

कंट्रोलरकाकांच्या घरात पाच घड्याळं आहेत आणि पाचही एकच वेळ दाखवतात. बुलढाण्यात ही अपूर्वाईच. एरवी आमच्याकडे 'दहाला या' म्हटलं की माणूस साडेदहाला आंघोळीला बसतो. काकांकडे दहा म्हणजे दहा. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची अख्खी नोकरी घाटावर गेली: बुलढाणा, चिखली, मेहकर. गाडी लागली की नोंद, सुटली की नोंद, उशीर झाला की कारणासकट नोंद. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि सहावं घड्याळ दिलं. काकांनी शाल घेतली, श्रीफळ घेतलं आणि घड्याळ परत केलं. ते दीड मिनिट पुढे होतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या दाराला रजिस्टर टांगलं गेलं. 'कुकर. नियोजित वेळ 11:10. प्रत्यक्ष 11:25. कारण: सौ. शेजारी.' काकूंनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "मले काय लाल डबा समजले का तुम्ही?" त्यानंतर पुण्याच्या मुलाला रोज रात्री फोनवर दोन्ही बाजूंचे जबाब ऐकावे लागत. शेवटी त्याने तोडगा म्हणून एक ओटीजी ओव्हन घरी पाठवून दिला. "नातीला दालचिनीचा पाव फार आवडतो, बाबा. दिवाळीला येऊ तोवर शिकून ठेवा."

हा पाव म्हणजे दुधात भिजवलेल्या मैद्याची जाड पोळी लाटायची, तिच्यावर साखर आणि दालचिनीची पूड पसरायची, सुरळी करायची आणि लांबट डब्यात घालून भाजायची. कापला की प्रत्येक कापात तपकिरी भोवरा दिसतो. काकांनी कृती छापून आणली, लॅमिनेट केली आणि वाचायला घेतली. तिसऱ्या ओळीला गाडी अडली.

"'पीठ दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा.' दुप्पट होईपर्यंत म्हणजे किती वाजेपर्यंत?"

"खाली लिहिलंय की काका," मी म्हटलं. "साधारण एक ते दीड तास."

"साधारण! एक ते दीड!" काकांनी चष्मा काढला. "अशी वेळ मी माईकवरून सांगितली असती, तर पब्लिकने केबिनच्या काचा ठेवल्या असत्या का?"

त्यांनी पेनाने 'साधारण' खोडलं, 'एक ते दीड' खोडलं आणि वर लिहिलं, '75 मिनिटे.' सरासरी काढली म्हणाले.

मग सामानाची जमवाजमव. यीस्टचं पाकीट एका बेकरीवाल्याने ओळखीवर दिलं. दिवाळीत बायका रवा-मैदा, तूप, पिठीसाखर घरून नेऊन ज्यांच्याकडे नानकटाई भाजून घेत, त्यांच्यातलाच हा. काकांनी त्याला विचारलं, "भट्टीचं तापमान किती ठेवता?" त्याने भट्टीच्या तोंडाशी हात धरला, काढला आणि म्हणाला, "एवढं." काकांनी खिशातली वही उघडली होती, ती तशीच मिटली. किराणा दुकानात कलमी, म्हणजे दालचिनी, मागितली, तर दुकानदाराने मसाल्याची जाड साल पुढे केली. काका वाचून गेले होते. "ही नको. ही चीन-व्हिएतनामकडची. श्रीलंकेची द्या, कागदासारखी पातळ असते, पदरावर पदर गुंडाळलेली." दुकानदाराने गिऱ्हाईकाकडे पाहावं तसं न पाहता तपासणी अधिकाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. "काका, इथं रश्श्यात हीच चालते." मग हीच चालली.

पहिला पाव दगड झाला. काकांनी दालचिनी पुरणात न ठेवता थेट पिठातच मळली होती. 'माल आधीच चढवून घेतलेला बरा,' हा त्यांचा हिशेब. पण दालचिनीच्या उग्रपणाने यीस्टच सुस्तावतं, म्हणून ती सुरळीच्या वेळीच वरून पसरायची असते. पीठ 75 मिनिटांनी होतं तिथेच होतं. काकांनी मिनिटाचीही सवलत न देता ते 180 अंशांवर ओव्हनमध्ये लोटलं. रजिस्टरात नोंद झाली: 'वेळेवर सुटली. मार्गात ब्रेकडाऊन.' काकूंनी त्या दगडाचे तुकडे करून मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची घालून फोडणीचा ब्रेड केला. मिरचीच्या ठसक्यामागून दालचिनी आणि साखर येत होती. मला वाटीभर आला. चव कशी होती म्हणून काकांनी विचारलं, तेव्हा मी चहा मागितला.

दालचिनी जागेवर आली, तरी वेळेचा घोळ मिटेना. श्रावणात 75 मिनिटांत पीठ बऱ्यापैकी यायचं, दिवाळीत पाहुणे आले तेव्हा कुरकुरायला लागलं आणि डिसेंबरात तर पांघरूण घेऊन झोपलं. आमचा जिल्हा दोन मजली आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा वरचा मजला, घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा खालचा, घाटाखालचा. वर संध्याकाळी वारं सुटतं तेव्हा खाली लोक कूलरमध्ये पाणी भरत असतात. यीस्टला घड्याळ कळत नाही, ऊब कळते. काकांची लेक खामगावला दिलेली. तिने तीच कृती केली, तर तिचं पीठ पाऊण तासात भांड्याबाहेर डोकावलं.

"घाटाखालच्यांचं सगळं असंच," काका म्हणाले. "स्टँडात गाडी शिरायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकणार."

तरी ही बातमी त्यांच्या डोक्यात राहिली आणि तिच्यातून एक योजना निघाली. पीठ इथे मळायचं, डब्यात घालून खामगावच्या गाडीत द्यायचं. घाट उतरता उतरता ते फुगेल, लेक उतरवून घेईल आणि लगेच लाटून भाजेल. प्रवासाचा वेळ ठरलेला, म्हणजे फुगण्याचा वेळही आपोआप ठरला. योजना ऐकून काकूंनी कपाळाला हात लावला आणि तोच हात डबा घासायला घेतला.

स्टँडवर मी सोबत होतो. जुन्या ओळखीच्या वाहकाने डबा तसाच पायाशी ठेवायची तयारी दाखवली. काका ऐकेनात. "रीतसर तिकीट फाडा. आत जिवंत माल आहे."

वाहकाने झाकण किलकिलं करून पाहिलं. "फुल फाडू का हाफ? इथं बसताना हाफ दिसतंय, खामगावात उतरताना फुल होईल."

रस्ता बोथ्याच्या जंगलातून, ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. 2019 साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारे 1300 किलोमीटर भटकून याच जंगलात मुक्कामाला आला होता. कुणी म्हणालं, त्याला कुठं वेळापत्रक होतं, तरी पोचलाच की. काकांनी ताबडतोब दुरुस्ती केली, "गळ्यात रेडिओचा पट्टा होता त्याच्या. नोंद होत होती. म्हणून पोचला."

डबा सांडू नये म्हणून चालकाने तो मोठ्या मायेने बॉनेटजवळ सरकवला होता. खाली इंजिन, वर घाटाखालचं ऊन. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, अर्धं पीठ मिळालं. अर्धं झाकण उडवून बाहेर आलं. ते गाडीला चिकटून तसंच अकोल्याला गेलं."

"गाडी किती वाजता पोचली?"

"गाडी वेळेवर होती."

"मग तक्रार कशाची?" म्हणून काकांनी फोन ठेवला.

या स्वभावाचे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. मुलीच्या लग्नात मुहूर्त साधला म्हणून खूश असतात, नवरदेव अजून घोड्यावर आहे हे त्यांच्या गावीही नसतं. असा माणूस चूक मान्य करत नाही, वेळापत्रक सुधारतो. काकांनी ऋतूंप्रमाणे तीन वेळापत्रकं बनवली आणि शेवटी त्यांना नोकरीतलाच एक उपाय सापडला. रात्री नऊला पीठ मळून फ्रीजमध्ये ठेवायचं. गारव्यात ते सावकाश फुगतं, चवही जास्त मुरते, सकाळी सहाला काढून लाटायचं. काकांनी त्याचं नाव ठेवलं 'मुक्कामी पीठ'. जशी मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते आणि पहाटे दूधवाल्यांना, कॉलेजच्या पोरांना घेऊन सुटते, तसं. तो हिवाळा काकांचा फार सुखाचा गेला. मेमध्ये एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. सकाळी काकूंनी फ्रीज उघडला, तर पीठ भांड्यातून उतरून खालच्या कप्प्यातल्या कोथिंबिरीवर बसलं होतं. 'मुक्कामी गाडी रात्रीच सुटली,' अशी नोंद आहे. कारणाच्या रकान्यात काही नाही. तो रकाना रिकामा असलेली त्या रजिस्टरातली मी पाहिलेली ही एकच ओळ.

त्याच सुमारास दुसरी भानगड पुढे आली. पाव फुगायचा, रंग चढायचा, घर दालचिनीने भरून जायचं आणि कापला की भोवऱ्यात बोगदा. वरचा पदर एकीकडे, खालचा दुसरीकडे, मधून पलीकडची भिंत दिसे. काकांनी ओव्हनची वेळ चाळिसाची अडतीस केली, मग बेचाळीस केली. बोगदा होता तिथेच राहिला. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. पोळी लाटून झाली, काकांनी तिच्यावर कृतीत होतं तेवढं पातळ लोणी ब्रशने फासलं, तशा काकू पुढे आल्या.

"रोडग्याले तेल काऊन लावतो आपण?"

काका थांबले. वऱ्हाडात रोडग्यांचा स्वयंपाक करायचा म्हणजे जाडसर कणकेच्या लहान-लहान पाऱ्या तेल लावून एकावर एक रचायच्या, त्यांचा गोळा बंद करायचा आणि गोवऱ्यांच्या आरात भाजायचा. फोडला की आतून पदर सुटून येतात, त्यावर तूप, वरण आणि वांग्याची भाजी. नवसाच्या पंगतीला शेकड्यांनी रोडगे करण्यात काकूंचं आयुष्य गेलेलं.

"पदर सुटावे म्हणून," काका म्हणाले.

"आन् तुमच्या पावाचे पदर?"

"चिकटायला पाहिजेत."

"मंग लोणी काऊन चोपडता, राजेहो?"

त्या दिवशी काकूंनी लोणी पुसून दुधाचा हात फिरवला, साखर-दालचिनीत चमचाभर कोरडा मैदा मिसळला आणि अळूवडीचे उंडे वळणाऱ्या हाताने सुरळी अशी घट्ट ओढली की मधे वाफेला जागाच राहिली नाही. जोड खाली करून डब्यात ठेवली. बोगदा बंद झाला. काकांनी निमूटपणे लिहिलं, 'मार्ग दुरुस्ती.' कोणी केली ते लिहिलं नाही.

पण फुगण्याच्या वेळेवरून ते हटेनात. मध्यंतरी त्यांना कुठूनसं कळलं की स्वीडनमध्ये दालचिनीच्या बनांचा खास दिवस असतो, 1999 पासून दरवर्षी 4 ऑक्टोबरला. "पाहा, तिकडच्या लोकांनी तारीख बांधून घेतली आहे," ते विजयाने म्हणाले.

"तारीख बांधली," काकू म्हणाल्या. "फुगायचं किती वाजता, ते बांधलं का?"

मग त्यांनी लोणारचा दाखला काढला. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं तळं एकाएकी गुलाबी झालं होतं, पाणी आटून खार वाढला आणि त्यात खाऱ्या पाण्यातले सूक्ष्म जीव माजले म्हणून. तेव्हा सगळा जिल्हा फोटो पाहत बसला होता. "तेबी असेच बारके जीव ना? त्यायनं कोणाचं टाइमटेबल पाह्यलं? ऊन लागलं, खार मानवला, झाले गुलाबी."

काका काही बोलले नाहीत. पिठावर रुमाल टाकून पाचही घड्याळांकडे आळीपाळीने पाहत राहिले. 75 मिनिटं झाली. ते उठले, तर काकूंनी त्यांना बसवलं, रुमाल उचलला, बोट कोरड्या मैद्यात बुडवून ते फुगलेल्या गोळ्यात दोन पेरं खुपसलं. खळगा झटकन भरून आला. "नाही." वीसेक मिनिटांनी पुन्हा खुपसलं. या वेळी खळगा आळसावल्यासारखा जरा भरला आणि अर्ध्यावर थांबला. "आता घ्या."

तो पाव आम्ही नीट निवेपर्यंत थांबून कापला. भोवरा अगदी बिनबोगद्याचा. नातीला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तिने पडद्यालाच तोंड लावलं. मी चौथा काप उचलला तेव्हा काका रजिस्टर घेऊन बसले होते. 'नियोजित 10:15. प्रत्यक्ष 10:37. कारण:' इथे पेन बराच वेळ थांबलं. मग सरकारी अक्षरात उमटलं, 'सौ. यांच्या बोटाप्रमाणे.'

आणि रजिस्टर त्यांनी काकूंपुढे सरकवलं. "इथे सही लागेल. सुटण्याची परवानगी ज्याने दिली, त्याची."

काकूंचे हात मैद्याने भरलेले. त्यांनी सहीच्या रकान्यात पांढरा अंगठा उमटवला आणि पातेलं घासायला निघून गेल्या.

काकांनी पान उजेडात धरलं, तिरपं केलं, फुंकर मारली. अर्धा अंगठा उडून गेला.

"अहो, परत या!" त्यांनी आत हाक मारली. "हा ग्राह्य धरता येत नाही. शाईचा लागतो."