मित्र दाखवा, दोष सांगतो

महायुद्धाचा दोष कोणाचा हे ठरवायला इतिहासकार उगाच दप्तरखान्यातली धूळ खात बसतात. शेवटी कोण कोणाच्या पंगतीला बसलं होतं एवढं पाहिलं की निकाल लागतो. पटत नसेल तर फिनलंडला विचारा.

२६ नोव्हेंबर १९३९ ला मायनिला या सीमेलगतच्या सोव्हिएत गावात तोफगोळे पडले. मॉस्कोनं लगेच जाहीर केलं, गोळे फिनलंडचे. चारच दिवसांत लाल सेना फिनलंडमध्ये घुसली. राष्ट्रसंघानं सोव्हिएत संघाला चक्क काढून टाकलं. (राष्ट्रसंघानं काहीतरी केलं, हीच खरी बातमी.) तेव्हा स्टालिनचा हिटलरशी करार होता, म्हणून लंडनच्या लेखी तो आक्रमक आणि फिनलंड शूर. मार्च १९४० च्या तहात या शूराचा सुमारे दहावा हिस्सा मुलूख गेला आणि चार लाखांवर माणसं बेघर झाली.

पुढं हिटलर स्टालिनवर उलटला. गेलेला मुलूख परत मिळवायला फिनलंड जर्मनांच्या बाजूनं उतरला आणि जुन्या सीमेवर न थांबता बराच पुढं गेला, हेही खरं. लंडनची मात्र पंचाईत झाली, कारण कालचा आक्रमक आज दोस्त! ब्रिटननं फिनलंडविरुद्ध युद्ध पुकारलं, तेही १९४१ च्या ६ डिसेंबरला, म्हणजे ऐन फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी. अमेरिकेनं तर फिनलंडविरुद्ध शेवटपर्यंत युद्ध पुकारलंच नाही. तिथून पाहिलं तर गुन्हा बहुधा दिसत नसावा.

राष्ट्राध्यक्ष रिस्तो र्‍यूती मूळचे बँकवाले. १९४४ च्या जूनमध्ये जर्मन शस्त्रांच्या बदल्यात त्यांनी हिटलरला वेगळा तह न करण्याचा शब्द दिला, पण देशाच्या नावानं नव्हे, स्वतःच्या. ऑगस्ट उजाडताच राजीनामा देऊन ते घरी गेले आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला. सप्टेंबरात मॉस्कोशी युद्धबंदी झाली. तिच्या अटीप्रमाणे फिनलंडनं जर्मनांशीही लढाई केली. तरी दोषाच्या खात्यात त्याची जमा झाली नाही.

युद्धबंदीच्या अटी पाळल्या जातात का हे पाहायला हेलसिंकीत आलेल्या नियंत्रण आयोगाचे प्रमुख होते आंद्रेई झ्दानोव. १९३९ साली ज्या लेनिनग्राडच्या सुरक्षेसाठी हल्ला केल्याचं सांगितलं गेलं, तिथले पक्षप्रमुख हेच. आता युद्धाला जबाबदार कोण, याची चौकशी त्यांच्या देखरेखीखाली. अडचण एकच होती, तसा कायदाच नव्हता. मग १९४५ साली तो पूर्वलक्षी प्रभावानं केला गेला. आरोप १९४१ पासूनचे, त्यामुळे मायनिला खटल्याच्या बाहेर. फेब्रुवारी १९४६ मध्ये आठ नेते दोषी ठरले आणि र्‍यूतींना दहा वर्षांची शिक्षा झाली. युद्धभर सरसेनापती असलेले मानरहाइम तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. ते पिंजऱ्याच्या आसपासही नव्हते. शिवाय ३० कोटी डॉलरची भरपाई सोव्हिएत संघाला, जहाजं आणि यंत्रांच्या रूपात. तिचा शेवटचा हप्ता १९५२ साली फिटला.

आपण मराठी माणसांनी या सगळ्याला हसण्याआधी एक कागद पाहावा. १० फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये फिनलंडशी शांतता तह झाला. त्यावर फिनलंडशी युद्धात असलेला देश म्हणून भारताचीही सही आहे.