भाषण झालं, गाणं कुठाय?

पाटणबोरी सोडून पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा लागतो. १९५५ साली राज्य पुनर्रचनेच्या फझल अली आयोगानं तेलंगणाही वेगळा ठेवा आणि विदर्भही वेगळा करा, अशी शिफारस केली होती. पलीकडच्यांनी २ जून २०१४ ला राज्य मिळवलं. आपण यवतमाळात अजून वेगळ्या विदर्भाचे ठरावच करतोय.

आवाज आपल्याकडेही होता. जांबुवंतराव धोटे इथलेच. यवतमाळचे आमदार, नागपूरचे दोनदा खासदार, ‘जागो’ सिनेमातही झळकलेले. ते बोलायला उठले की सभा पेटायची. पण भाषण सभेतच संपतं. गाणं बाईसोबत निंदणाला जातं, कापूस वेचायला जातं.

तेलंगणानं हे ओळखलं. आंदोलनातल्या ‘धूम धाम’ या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या मंचावर लोकगायक रसमयी बालकिशन खांद्यावर घोंगडी टाकून, पायात घुंगरू बांधून गायचे, तेही गावच्या बोलीत. नुसत्या गाण्यानं राज्य आलं नाही. उपोषणं झाली, पोरांनी जीव दिले. पण राज्य कशाला हवं, हे तिथं पुढाऱ्याला समजावून सांगावं लागलं नाही. ते लोकांच्या तोंडी बसलं होतं.

आपल्याकडे गायकाला पुढारी येईपर्यंत वेळ काढायला बसवतात. गाडी दिसली की अर्ध्या कडव्यात माइक काढून घेतात. चळवळ तिथंच हरते.

आता पलीकडची दुसरी बाजूही बघा. बालकिशन २०१४ आणि २०१८ ला मानकोंडूरचे आमदार झाले, सांस्कृतिक सारथी या सरकारी संस्थेचे अध्यक्षही झाले. शेकडो कलाकार पगारावर आले आणि सरकारी योजनांची गाणी गाऊ लागले. कलाकाराची चूल पेटली, हे चांगलंच झालं. पण सरकारला जाब विचारणारा डफ सरकारच्याच दारात वाजू लागला. २०२३ च्या निवडणुकीत बालकिशन पडले.

म्हणून विदर्भवाद्यांना दोन गोष्टी सांगतो. पुढच्या सभेत पहिला तास खंजिरी भजनाला, बंजाऱ्यांच्या लेंगीला, कोलामांच्या दंडारीला, भीमगीतांना द्या. कापसाचा भाव आणि कर्जाचा फास त्यांना त्यांच्या बोलीत गाऊ द्या. पुढाऱ्यानं खाली बसून ऐकावं. आणि उद्या राज्य आलंच, तर गायकाला हवी तर आमदारकी द्या. सरकारचं कौतुक गाण्याची नोकरी मात्र देऊ नका.