आमच्या खास प्रतिनिधीकडून

२०२४च्या सप्टेंबरात लेकीकडं न्यू जर्सीला निघालो, तेव्हा तळेगावच्या एका साप्ताहिकानं मला परदेशी वार्ताहर नेमलं. मानधन नाही, पण नावाखाली ‘अमेरिकेहून’ छापणार होते. वराळ्याहून निघताना बॅगेत दोन कोऱ्या वह्या टाकल्या, वर पाच किलो इंद्रायणी तांदूळ.

पोचलो आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा प्रचार शोधू लागलो. भोंग्याची रिक्षा नाही, गळ्यात उपरणी नाहीत, चौकात कुणा ‘भावी’चा वाढदिवसाचा फ्लेक्स नाही. दारापुढच्या हिरवळीत हातभर पाट्या खोचलेल्या, रोपवाटिकेत वाणाच्या खोचतात तशा. एका घरापुढं हॅरिसबाई, शेजारी ट्रम्प, आणि दोन्ही घरधनी सकाळी एकमेकांना हसून हात करतात! आपल्याकडं ग्रामपंचायतीला बंद झालेलं भावकीचं बोलणं सुरू होतं ते थेट कुणाच्या तरी दहाव्याला, नदीच्या घाटावर.

‘‘इथं कशाला कोण येईल, बाबा?’’ जावई म्हणाले. ‘‘न्यू जर्सीची चौदा मतं कुणाची ते ठरलेलंच असतं. खरी निवडणूक नदीपलीकडं, पेनसिल्व्हेनियात. तिथं एकोणीस आहेत, आणि ती कुणाची ते कुणालाच माहीत नाही.’’

म्हणजे आमचा एकगठ्ठा मतांचा वॉर्ड. तिथं उमेदवार चहालासुद्धा थांबत नाही.

मग एका रविवारी लेकीच्या मैत्रिणींबरोबर डेलावेअर नदी ओलांडली. त्या घरोघर प्रचार करणार, मी नुसता बघ्या. बेल दाबली की दार उघडत नाही, बेलच बोलते. ‘‘नको,’’ असं एका बेलनं सांगितलं, तेव्हा सवयीनं मी तिला हात जोडले. पोरींनी कागद मुठीला अडकवला आणि पुढं. चौदा घरं झाली, चहा शून्य. आपल्याकडं चौदा घरांचे चौदा चहा होतात, आणि पंधरावी वहिनी ‘त्यांचा घेतला, आमचा नाही होय?’ म्हणून रुसते.

त्याच भागात, फीस्टरव्हिलला, २० ऑक्टोबरला ट्रम्प यांनी मॅकडॉनल्डमध्ये एप्रन बांधून बटाट्याचे फ्राइज तळले आणि खिडकीतून मोटारवाल्यांच्या हातात दिले. ते टीव्हीवर बघताना गावी आल्यासारखं वाटलं. सप्ताहाच्या काल्याला आमटीची बादली हातात धरल्याशिवाय आपल्याकडं कुणी उमेदवार होतच नाही. फरक एवढाच, की तिथं दुकान त्या वेळी इतरांना बंद होतं आणि गिऱ्हाइकं आधीच निवडून ठेवलेली. आपल्या पंगतीत विरोधकाचा चुलतभाऊही बसलेला असतो, आणि तो मुद्दाम तीनदा आमटी मागतो.

मतमोजणीच्या रात्री पारावरून तात्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडं सकाळ झालेली, मागं दुधाच्या किटल्या वाजत होत्या. सगळ्या देशाची मतं एकत्र का मोजत नाहीत, हे त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. लोक मतं देतात, त्यातून राज्यं मिळून ५३८ प्रतिनिधी निवडतात, ते अध्यक्ष निवडतात, २७० झाले की जिंकला.

‘‘म्हंजे सदस्यांतून सरपंच.’’

‘‘तेच.’’

‘‘मग त्या पाचशे अडतिसांना सहलीला कुठं नेत्यात?’’

प्रश्न रास्त होता. थेट सरपंच २०१७ला आला, २०२०ला गेला, २०२२ला परत आला. पण सदस्यांतून निवड असायची तेव्हा निकालाच्या रात्रीच गाडी लागायची. लोणावळ्याच्या बंगल्यांत लांबलांबच्या तालुक्यांचे सदस्य फोन बंद करून भजी खात बसायचे. मावळातल्यांना लोणावळा फारच हाकेवर, म्हणून ते कोकणात.

‘‘सहल नसते, तात्या. १७ डिसेंबरला आपापल्या राज्यात जमून मत देतात. तोवर घरीच.’’

‘‘घरी? सव्वा महिना?’’ तात्यांचा चेहरा स्क्रीनभर झाला. ‘‘आन् एखादा फुटला मंग?’’

‘‘फुटतात की. २०१६ला क्लिंटनबाईंचे पाच फुटले, ट्रम्पचे दोन. तरी निकाल काही बदलला नाही.’’

निकालाचं तात्यांना काहीच वाटलं नाही. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

‘‘सात माणसं,’’ ते पारावरच्या मंडळींकडं वळून म्हणाले. ‘‘एका तवेरात मावली असती.’’