टॉमाहॉकवर जीएसटी

मदरबोर्ड घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलात तर आधी युद्धाची तयारी ठेवा. एमएसआय कंपनीच्या खोक्यांवर नावं काय, तर टॉमाहॉक, मॉर्टार. मध्यंतरी बझूकाही होता. गिऱ्हाइकाला घरी जाऊन जीएसटीचं विवरणपत्र भरायचंय, एवढंच. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवरचं ते धातूचं चिलखत उष्णता शोषतं की नुसतंच मिरवतं, असं विचारलं की दुकानदार तुम्हाला बोर्डावरचे रंगीत दिवे दाखवतो.

खरी गोम प्रोसेसर बसतो त्या सॉकेटात. इंटेलचा एलजीए १७०० आला २०२१ मध्ये. २०२४ मध्ये एलजीए १८५१. जुना बोर्ड नव्या प्रोसेसरला चालत नाही. एएमडीचा एएम४ दीर्घायुषी खरा, पण तिथली तऱ्हा वेगळी: सॉकेट तेच, तरी नवा प्रोसेसर ओळखायला बायोस अद्ययावत हवं, आणि अनेक बोर्डांवर ते करायला आधी चालणारा जुना प्रोसेसर हवा. म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही! २०१८ मध्ये एएमडीने अडलेल्या गिऱ्हाइकांना त्यासाठी चक्क उसना प्रोसेसर धाडला होता. काम झालं की परत करा म्हणे.

रंगीत दिवे मात्र बायोसची वाट बघत नाहीत. संगणक सुरू होवो न होवो, ते लागतात.