सुपरस्टारचा खोडवा

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात खोडव्याचं गणित शाळकरी पोरालाही पाठ असतं: बेणं नको, नांगरट नको, जुन्या बुडख्यातूनच पुन्हा ऊस. मात्र बुडखे छाटावे लागतात, नांग्या भराव्या लागतात, खत द्यावं लागतं. २००८च्या ‘वफा’ या थरारपटाच्या कर्त्यांनी गणिताचा पहिला अर्धा भाग तेवढा ऐकला असावा. ‘आराधना’ (१९६९) आणि ‘आनंद’ (१९७१)वाला राजेश खन्ना हाताशी आहे म्हटल्यावर पटकथेला खत कशाला? श्रीमंत वयस्क नवरा, तरुण बायको, मधे खून, झाला सिनेमा.

पैसे नव्हते हो, असं कोणी म्हणेल. पण १९६९मध्येच यश चोप्रांनी याच नटाला घेऊन ‘इत्तेफाक’ केला: एकही गाणं नाही, बहुतेक सगळा खेळ एका रात्रीत, एका घरात. दिग्दर्शनाचं फिल्मफेअर त्यालाच मिळालं. मग वय आडवं आलं? अमिताभही १९४२चाच. २००७च्या ‘चीनी कम’मध्ये त्याचा चौसष्टीचा आचारी चौतिशीतल्या बाईच्या प्रेमात पडतो आणि ते पटतं, कारण दोघांना बोलायला काहीतरी लिहून दिलेलं आहे. ‘वफा’त पासष्टीच्या नायकाचे शृंगारप्रसंग तेवढे गाजले. नटाचा दोष? सर्वोत्कृष्ट अभिनेत्याची तीन फिल्मफेअर घरात असलेल्या माणसानं आधी पटकथा मागायला हवी होती, एवढंच फार तर म्हणता येईल. बाकीच्यांची नावं श्रेयनामावलीत आहेत. ती वाचायला कोण थांबलं असेल, हा भाग वेगळा.