आमची एम. आर्च.

आर्किटेक्चरमध्ये एम. आर्च. करणाऱ्या माणसाला घराबद्दल काहीही विचारू नये. निदान ते शिक्षण कलाशाळेत चाललं असेल, तर मुळीच नाही. डॉक्टरकीला गेलेल्या पोराला लग्नाच्या पंगतीत गुडघा दाखवला, तर तो गोळीचं नाव तरी सांगतो. माझ्या भाचीला मी एवढंच विचारलं होतं, की स्वयंपाकघराचा ओटा किती उंच घ्यावा. ती क्षणभर छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, पण ओटा हवाच का?"

मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. आमच्या खात्यात ओटा हवा का, असा प्रश्न कोणी काढत नाही. अंदाजपत्रकात असला तर असतो.

भाची सांगलीची. पुण्यात पाच वर्षं बी. आर्च. केलं, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केली. म्हणजे १९७२च्या कायद्यानुसार ती रीतसर आर्किटेक्ट आहे, पाटी लावू शकते. पाटी लावण्याऐवजी तिनं पुनर्विकासाच्या इमारतींच्या तळघरात गाड्या बसवण्याची नोकरी धरली. अमुक फ्लॅट, म्हणून तमुक गाड्या. मग एके रात्री तिच्या लक्षात आलं, की आपण आजवर माणसांपेक्षा मोटारींसाठीच जास्त जागा काढली. सकाळी तिनं अमेरिकेचे अर्ज भरायला घेतले.

आमच्या मेव्हण्यांना वाटलं होतं, नाव ऐकल्यावर शेजारी गप्प बसतील असं एखादं विद्यापीठ निघेल. निघालं ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन. गाव प्रॉव्हिडन्स. तिथले लोक लाडानं 'रिझडी' म्हणतात. मेव्हणे बँकेतले. 'स्कूल' म्हटल्यावर त्यांना वाटलं मुलगी मागे चालली, आणि 'आर्ट स्कूल' म्हटल्यावर त्यांना त्यांचे चित्रकलेचे मास्तर आठवले. "मग आपलं जे.जे. काय वाईट होतं?" त्यांनी विचारलं. वाईट काहीच नव्हतं. उलट जे.जे.तही आर्किटेक्चर १८५७च्या चित्रशाळेच्याच पोटात वाढलं आणि १९५८ साली त्यानं वेगळं बिऱ्हाड केलं. व्ही.टी. स्टेशनावरचं कोरीव काम त्या चित्रशाळेच्या पोरांच्या हातचं. हे मी मेव्हण्यांना सांगितलं, पण ते विश्रामबागेतल्या प्लॉटची कागदपत्रं शोधत होते. कर्जाला तारण लागतं.

रिझडीची जन्मकथा तर त्यांना कोणी सांगायलाच नको होती. १८७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या शंभरीचं मोठं प्रदर्शन भरलं. ऱ्होड आयलंडच्या बायकांच्या समितीनं त्यासाठी वर्गणी गोळा केली आणि खर्च भागून १,६७५ डॉलर उरले. आता उरलेल्या पैशांचं काय करायचं? बागेत पाणपोई बांधावी, असा एक प्रस्ताव होता. दुसरा कलाशाळेचा. बायकांनी शाळा निवडली आणि १८७७ साली ती सुरू झाली. वर्गणीतले पैसे उरतात, हीच मुळात आमच्या मंडळाला न पटणारी गोष्ट. मेव्हण्यांनी मात्र पहिल्या वर्षाच्या फीचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "पाणपोईच बरी होती."

मी हा प्राणी जवळून पाहिला तो सूनबाईच्या बाळंतपणाच्या निमित्तानं. आम्ही दोघं बोस्टनला मुलाकडे होतो. प्रॉव्हिडन्सहून आगगाडीनं तासाभराची वाट, त्यामुळे भाची शनिवारी पोह्यांना यायची. एकटी कधीच नाही. बरोबर एक कोरियाची मुलगी, एक टेक्ससचा उंच मुलगा, आणि कुठल्याच देशाचा वाटत नसलेला, सतत झोपलेला एक जण. त्यामुळे हे भाचीचं वैयक्तिक वैशिष्ट्य नसून जातीची लक्षणं आहेत, याची माझी खात्री पटली.

कपडे काळे. उन्हाळ्यात काळे, बर्फात काळे, आणि बाळाच्या बारशालाही काळे, त्यावरून आमच्या हिचं आणि भाचीचं थोडं झालं. बोटांना चिकटपट्ट्या, कारण रात्री तीन वाजता लाकडाची पट्टी कापताना सुरी पट्टीपाशी थांबत नाही. चिकटपट्ट्या नसतील तिथे सुकलेला गोंद. खिशात स्टीलचा टेप. बोलता बोलता हात आपोआप खिशात जातो आणि समोर जे असेल त्याची लांबी घेतली जाते. टेक्ससच्या मुलानं पहिल्याच दिवशी माझ्या मुलाच्या जिन्यावर गुडघे टेकले. आमच्या हिला वाटलं, नमस्कार करतोय. तो पायरी मोजत होता. अमेरिकेतल्या नमुना नियमावलीत घरातली पायरी पावणेआठ इंचांहून उंच चालत नाही. ही वरची एक आठ भरली. तीन लाख डॉलरचं कर्ज काढून घेतलेल्या घराकडे मुलगा त्यानंतर कधी पूर्वीच्या नजरेनं बघू शकला नाही.

हे लोक भिंतीला टेकत नाहीत, भिंतीचा फोटो काढतात. तोही चांगल्या भिंतीचा नाही. जिथे रंग उडालाय, ओल आलीय, कधीकाळी खिळा होता आणि आता भोक आहे, तिथे चौघं गोल करून उभे. बांधकाम खात्यात असतो, तर त्या भोकापायी मी एखाद्याचं बिल अडवलं असतं. इथे त्याची तारीफ चालू.

स्टुडिओ मी एकदा पाहिला. साउथ मेन स्ट्रीटवरची बेयर्ड युइंग इमारत, तीत आर्किटेक्चरची सगळी मंडळी. प्रत्येकाला एक टेबल आणि टेबलावर पुठ्ठा, लाकूड, प्लास्टर, कॉफीचे कप आणि दह्याच्या डब्यांत ओतलेलं काँक्रीट. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत घनाकृती ठोकळे प्रयोगशाळेत जायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडले जायचे. इथले ठोकळे कोणी फोडत नव्हतं. त्यांच्यावर एका बाजूनं उजेड टाकून फोटो घेत होते. रात्री जागण्याचं मात्र या लोकांना काही वाटत नाही, उलट अभिमान असतो. पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये, म्हणजे ज्या कलाशाळेकडून साऱ्या जगानं आर्किटेक्चर शिकवायची पद्धत उचलली तिथे, मुदत संपली की ड्रॉइंगं गोळा करायला हातगाडी फिरायची, आणि पोरं गाडीवर चढून शेवटच्या रेघा मारायची असं सांगतात. हातगाडी गेली, पण वेळेत काम न संपवण्याची शिस्त या मंडळींनी अजून पाळली आहे.

नुसत्या आर्किटेक्चर कॉलेजात असते तर ही मंडळी एकमेकांनाच बिघडवत बसली असती. कलाशाळेत बिघडवायला शेजारीपाजारीही असतात. काच फुंकणारे, धातू ठोकणारे, कापड विणणारे, चित्रकथा काढणारे. जानेवारीत तर 'विंटरसेशन' नावाचं छोटं सत्र असतं, तेव्हा कोणीही कुठेही घुसावं. भाची काचेकडे गेली. तिनं फुंकलेला एक पेला आमच्याकडे आहे. त्यात पाणी राहत नाही, कारण तो उभाच राहत नाही. मी हे बोलून दाखवलं, तेव्हा तो पेला आहे असं मी का गृहीत धरलं, हे तिनं मला विचारलं.

त्याहून कठीण प्रसंग 'नेचर लॅब'चा. एडना लॉरेन्स नावाच्या तिथल्या शिक्षिकेनं १९३७ साली ती सुरू केली. शंखशिंपले, फुलपाखरं, भुसा भरलेले पक्षी, हाडं, सापळे असा सारा निसर्ग तिथे कपाटात आहे आणि विद्यार्थ्यांना तो पुस्तकासारखा घरी नेता येतो. एका शनिवारी भाचीनं पिशवीतून कसलीशी कवटी काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. आतल्या कमानी दाखवायच्या होत्या तिला. "बाळंतिणीच्या घरात हाडं!" आमची ही ओरडली. कवटी मागच्या अंगणात गेली, भाची तिच्याबरोबर गेली, आणि पोहे गार होईपर्यंत थंडीत बसून पेन्सिलीनं तिचं चित्र काढत राहिली. चित्र सुरेख होतं, हे मला त्या थंडीतही कबूल करावं लागलं. हाड कुठे जाड आणि कुठे कागदासारखं पातळ आहे हे तिनं रेघेच्या दाबानं दाखवलं होतं. आमच्या खात्यातल्या कुठल्याही ट्रेसरला ते जमलं नसतं, आणि त्यात काही वाईट ट्रेसर नव्हते.

त्या वर्षी तिला सार्वजनिक लॉन्ड्री करायची होती. तीही नदीकाठी. प्रॉव्हिडन्सनं आपली नदी बरीच वर्षं रस्त्यांखाली झाकून ठेवली होती, गेल्या शतकाच्या शेवटी ती पुन्हा उघडी केली. त्या पाण्याशेजारी गावानं आपले कपडे धुवावेत, ही कल्पना. ऐकायला चांगली होती. पण सहा आठवडे इमारतीचा पत्ता नव्हता. ती ओल्या कापडाचा अभ्यास करत होती. कापड दोरीवर कसं पडतं, चुणी कुठे सुरू होते, कुठे मरते. मग तिनं कापड प्लास्टरमध्ये बुडवून वाळत घातलं. मग तिला वजनदार कापड हवं झालं. आईनं सणासुदीला नेस म्हणून दिलेली इरकली साडी होतीच बॅगेत.

ही बातमी सांगलीला मी कळवलेली नाही. फोटो पाहून ताईला काठ ओळखू आला. "घरी धुणं वाळत घाल म्हटलं तर हिला कंटाळा," ती फोनवर म्हणाली, "आणि तेच करायला हिला कर्ज काढून पाठवलंय."

शेवटच्या परीक्षणाला मी गेलो होतो. तिथे याला 'क्रिट' म्हणतात. भिंतीवर ड्रॉइंगं, समोर मॉडेल, बाजूला दगड झालेली इरकली, आणि खुर्च्यांवर बाहेरून बोलावलेले परीक्षक, तेही काळ्यात. भाची दोन रात्रींची जागी होती, तरी सावकाश आणि नीट बोलली. परीक्षकांना साडी फार आवडली. एक बाई म्हणाल्या, मला या चुण्यांच्या आत राहायला आवडेल. एक गृहस्थ बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "सगळं उत्तम आहे. फक्त इमारत जरा मध्ये येतेय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हेअर इज द स्लोप?"

शांतता पसरली. मला वाटलं आता बाहेर काढणार. लॉन्ड्री आहे, जमीन ओली होणार, पाणी कुठे जाणार, एवढंच माझं म्हणणं. शंभराला एक तरी उतार हवा. पण डोळे मिटलेल्या गृहस्थांनी डोळे उघडले. "उतार!" ते म्हणाले. त्यानंतर वीस मिनिटं सगळे परीक्षक उतारावर बोलले. उतार म्हणजे काय, जमीन सपाट असते हा कोणाचा हट्ट, पाण्याला इमारतीबद्दल काय वाटत असेल. मला त्यांनी कुठल्या विद्यापीठात शिकवता असं विचारलं.

भाची मात्र काही बोलली नाही. तिनं बोटानं भिंतीवरच्या एका ड्रॉइंगचा कोपरा दाखवला. हातानं काढलेला छेद होता तो. फरशी सव्वा इंच खाली उतरत होती, तिच्या टोकाला जाळी, जाळीखाली नहाणी ट्रॅप, आणि ट्रॅपमध्ये पाण्याची पातळीसुद्धा दाखवली होती. सगळं बरोबर होतं. वीस मिनिटांत तिकडे कोणी पाहिलं नव्हतं.

आता पदवी मिळेल. ती मिळाली म्हणजे अमेरिकेत ती आर्किटेक्ट होईल, असा मेव्हण्यांचा समज होता. तसं नाही. त्यापुढे ३,७४० तास कोणाच्या तरी हाताखाली काम करून त्याची नोंद ठेवायची आणि सहा परीक्षा द्यायच्या. तोवर ती सांगलीत आर्किटेक्ट आणि प्रॉव्हिडन्समध्ये नाही. मेव्हण्यांनी तासांना आठानं भागलं आणि कॅल्क्युलेटर उलटा ठेवला.

गेल्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा ताईनं न्हाणीघराचं काम काढून ठेवलं होतं. ओल बाहेरच्या खोलीत उतरली होती. घरात आर्किटेक्ट असताना बाहेरचा कशाला बोलवायचा? भाची ओलीपुढे पाट घेऊन बसली आणि तिनं ओलीचं चित्र काढायला घेतलं. ताई कपाळाला हात लावून आत गेली.

तेवढ्यात मिस्त्री आला. साठीचा असेल. चित्राकडे बघून म्हणाला, "इथं वीट संपती आन् काँक्रीट सुरू हुतं. तिथंच फुटतंय." भाचीनं मान वर केली. बाळंतिणीच्या घरात कवटीबद्दल बोलताना तिचा चेहरा जसा झाला होता, तसा झाला. मग दोघांची जी बैठक बसली, ती मी आयुष्यात पाहिलेल्या कुठल्याही साइट मीटिंगपेक्षा लांबली. त्याच्या आज्याच्या चुन्याच्या घाणीपर्यंत गोष्ट गेली. चुन्यात गूळ किती, बेलफळ कधी, हिरड्याचं पाणी कशाला. ती लिहून घेत होती. त्यानं जुन्या गिलाव्याचा एक टवका काढून दिला, तो तिनं रुमालात बांधला. उतार कुणीकडे, हे दोघांनी न बोलता एकाच वेळी हातानं दाखवलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

दुपारी मिस्त्रीनं कुदळ उचलली आणि कामाचं विचारलं. "ताई, दार कुठल्या अंगाला उघडायचं?"

भाची उठली. आत गेली, बाहेर आली. टेप काढला, परत ठेवला. उंबऱ्यावर उभी राहिली, मग उंबऱ्याच्या अलीकडे. "मामा," ती म्हणाली, "दार हवंच का?"

आतून ताईचा आवाज आला, तो इथे लिहीत नाही.

मिस्त्रीनं कुदळ खाली ठेवली, पारावर बसावं तसा पायरीवर बसला आणि तंबाखूची चंची उघडली. "विचार करा निवांत," तो म्हणाला. "आजची हजेरी मात्र लागणार."