भाता कोणता घ्यावा?

9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, चोपडा-शिरपूरकडच्या व्यासपीठांवर मिरवायचं असेल तर पुढाऱ्यांनी पाठीवरचा भाता नीट पारखून घ्यावा. पट्टा जाकिटावरून बसेल इतका लांब हवा. तोंडाशी चामडं ताठ हवं. नाहीतर हारासाठी मान वाकवताच सगळे बाण खाली सांडतात. बाण सैल नकोत. रानात ते खडखडले की सावज पळतं. सभेतलं सावज मात्र जेवणाच्या आशेने बसून राहतं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांचा भाता खुंटीला लागला, पुढाऱ्यांचा पाठीवर आला. आता कायदा आड येत नाही, कारण हे बाण सुटतच नाहीत. शिवसेनेचं धनुष्यबाण हे चिन्ह कोणाचं, ते निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 रोजी ठरवलं. त्या चित्रातही बाण एकच, भाता नाहीच.

तेव्हा साहेब, भाता हवा तो घ्या. फक्त पुढच्या वेळी येताना त्यात बाणांऐवजी 2006 च्या वनहक्क कायद्याचे मंजूर पट्टे गुंडाळून आणा.